दोन बहिणींचे उखळ

मित्रांनो, मी पाइनच्या खोडाचे जुने उखळ आहे. स्वभावाने मत्सरी, हे आधीच सांगून टाकते.

दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, भरतीने चढलेले नदीचे गोडे पाणी भातशेतांत सोडत त्या मुलखात माझा जन्म झाला. क्वॅश नावाच्या गुलामाने खोडात निखारे ठेवून माझे पोट पोखरले आणि शिंपल्याने खरवडून गुळगुळीत केले. त्याच्या दोन मुली, मिंडा आणि बायना, समोरासमोर उभ्या राहून माझ्यात भात कांडत. पांढराशुभ्र तांदूळ मालकाला जाई. कणी या बहिणींच्या वाट्याला येई.

मालकाच्या मोठ्या घरात एक चांदीची किटली होती. तिला रोज मऊ फडक्याने पुसत. पाहुणे तिचे कौतुक करत. माझ्या पोटात दुखायचे. तिला मेज आणि मला उन्हापावसातले अंगण!

मग मालकिणीने मिंडाला घरकामाला नेले. तिला बूट मिळाले, ताटांतले उरलेसुरले मिळू लागले. बायना एकटी कांडू लागली आणि माझ्यासारखीच जळू लागली.

“किटली पुसून हात बघ कसे मऊ झालेत, बाईसाहेब!” ती टोमणा मारायची.

“घे मग माझे बूट,” मिंडा म्हणायची. “आणि मालकिणीच्या दाराशी फरशीवर तूच झोप. हाक ऐकू नाही आली तर पाठीवर वेत खा.”

बायनाला ते खरे वाटत नसे.

म्हातारा मालक वारला. घरातले सामान जॉर्जियात दिलेल्या मुलीच्या वाटणीला आले. किटली, पलंग आणि मिंडा. सगळे एकाच होडीत. बायना धावत धक्क्यावर पोचली तेव्हा होडी सुटली होती. किटली लोकरी शालीत गुंडाळून मिंडाच्या मांडीवर दिली होती. मिंडाच्या अंगावर मात्र पातळ झगा होता आणि ती कुडकुडत होती. बहिणींची पुन्हा भेट झाली नाही.

युद्ध झाले, गुलामी संपली. बायनाने मला गडगडवत आपल्या झोपडीपाशी आणले. तिच्या लेकी-नातींनी माझ्यात स्वतःचा भात कांडला. ते माझे सोन्याचे दिवस! पुढे गिरणीचा तांदूळ पिशव्यांतून येऊ लागला आणि मी बायनाच्या खापरपणतीच्या, ओडेसाच्या अंगणात कोंबड्यांचे पाणी प्यायचे भांडे झाले.

एके दिवशी जॉर्जियाहून वर्डेल नावाच्या निवृत्त शिक्षिका आल्या. त्या आपल्या घराण्याचा माग काढत होत्या. मिंडाची बहीण बायना या मुलखात राहिली, एवढेच त्यांच्या घरात सांगत आले होते. चर्चमधल्या बायकांनी त्यांना ओडेसाचे दार दाखवले.

ओडेसाने त्यांना बसाही म्हटले नाही. “तुम्ही बूटवाल्या मिंडाच्या होय? ती मोठ्या घरात मजेत राहिली आणि आमची बायना चिखलात झिजून मेली!”

“मजेत?” वर्डेलचा आवाज चढला. “तिची दोन पोरं विकली त्यांनी! आमच्याकडे म्हणतात, बायना नशीबवान, आपल्या माणसांत राहिली. तिला निदान थडगं आहे. मिंडाला कुठे पुरलं, हेसुद्धा आम्हाला ठाऊक नाही.”

ओडेसाने खुर्ची पुढे सरकवली. “बस गं. कोळंबीचा भात केलाय, जेवूनच जा.”

जेवणानंतर वर्डेल अंगणात आल्या आणि माझ्यापाशी थबकल्या. “ह्यातच कांडायच्या का दोघी?”

“ह्यातच.”

“मला देशील?”

“अजिबात नाही! चार पिढ्या सांभाळलंय आम्ही.”

“कोंबड्यांसाठी!”

दोघींची चांगलीच जुंपली. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. माझ्यासाठी कुणीतरी भांडत होते!

अखेर ओडेसाने कोंबड्या हुसकल्या, पाणी ओतून दिले आणि एप्रनने मला आतून-बाहेरून पुसले. “ने. तुमच्याकडे तिचं काहीच नाही. पण जायच्या आधी मिंडाच्या पोरांची नावं सांग. बायनाच्या थडग्याच्या दगडावर खाली जागा आहे.”

आता मी वर्डेलच्या दिवाणखान्यात असते. मुले माझ्या कडेवरून हात फिरवतात. मित्रांनो, जुनी वस्तू दिसली तर तिची नुसती चमक पाहू नका. ती कुणाच्या हातांनी झिजली ते विचारा, आणि नाव कळले तर जपा.

तिकडे बायनाच्या त्या दगडावर आता दोघी बहिणींची नावे शेजारी-शेजारी कोरली आहेत, खाली मिंडाच्या मुलांची नावे आहेत. खरे सांगू? मला त्या दगडाचा फार हेवा वाटतो.