रेघेबाहेरच्या खोल्या

धाकटी आता चाळिशी ओलांडून गेली होती, ऑफिसात तिच्या शब्दावर नाचणारी पोरं होती, सगळे तिला मॅडम म्हणत. पण अप्पांच्या तोंडी ती धाकटी ती धाकटीच. बस चालवण्यात सगळी हयात घालवलेल्या अप्पांना आपली मुलगी नक्की काय करते हे धड सांगता येत नसे. शेजाऱ्यांनी विचारलं की ते म्हणत, "हॉटेलं बांधते, पण त्यात एसी नसतो." शेजारी म्हणत, "मग लोक पैसे कशाचे देतात?" "एसी नसल्याचेच!" असं म्हणून अप्पा स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसत.

तसं पाहिलं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. समुद्राकाठच्या उष्ण, दमट टेकडीवर धाकटीनं जे आरोग्य रिसॉर्ट उभं केलं होतं, त्याचा सगळा तोरा नसलेल्या गोष्टींवरच होता. एसी नाही, पंखा नाही, सिमेंट जवळजवळ नाही. बांबूच्या कुट्या खांबांवर उचललेल्या, समुद्राचा वारा खालून शिरेल आणि छपराच्या फटीतून निघून जाईल अशा. पाहुण्यांनी यायचं, अंगाला मातीचे लेप लावून घ्यायचे, दीर्घ श्वास घ्यायचे आणि आपल्यामुळे पृथ्वीला काडीचाही त्रास झाला नाही या समाधानात गाढ झोपायचं. आज तिथे शेवटची तपासणी होती. परीक्षकबाई खूश झाल्या की पर्यावरणस्नेही असल्याचं मानाचं प्रमाणपत्र, आणि त्यापाठोपाठ रिसॉर्टच्या मालकाची पुढची सगळी कामं धाकटीच्या पदरात. म्हणून तर तिनं अप्पांनाही हौसेनं सोबत आणलं होतं. बापानं एकदा आपलं कौतुक डोळ्यांनी बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

त्या टेकडीवर एक लाल रेघ होती. जमिनीवर नव्हे, नकाशात. या धंद्यात कार्बनचा, म्हणजे हवेत किती धूर सोडला त्याचा, हिशेब मांडायचा तर आधी हद्द आखावी लागते. हद्दीच्या आतलं मोजायचं, बाहेरचं सोडून द्यायचं. आणि ती हद्द आखतो कोण, तर ज्याचा हिशेब तपासायचा तोच! धाकटीनं रेघ अशी काही नागमोडी नेली होती की कुट्या, पोहायचं तळं आणि लेपाची दालनं आत, आणि स्वयंपाकघर, धुलाईघर, पाणी तापवायची भट्टी बाहेर. कामगारांच्या खोल्याही बाहेरच. टेकडीच्या पाठीला, भट्टीच्या धुराड्याला लागून, त्यांच्यासाठी जुने पोलादी कंटेनर ओळीनं मांडले होते. मोजायच्या वेळी कंटेनर रेघेबाहेर, पण टाकाऊ माल पुन्हा वापरल्याचं कौतुक मात्र रेघेच्या आत, अशी ती सोय होती. पंखे बसवले असते तर 'अख्ख्या टेकडीवर एकही पंखा नाही' ही जाहिरातीतली ओळ खोटी पडली असती. म्हणून पंखेही नव्हते.

ती जागा दाखवायला धाकटी स्वतः गेली होती. चादरी धुणारी एक बाई तेव्हा घाम पुसत म्हणाली होती, "मॅडम, इथे वारा अजिबात येत नाही हो." धाकटी घाईत होती. "दिवसभर तुम्ही कामावर असता," ती म्हणाली होती, "झोपायलाच तर यायचं." मुकादमानंही चुळबुळ केली होती, पोलादाच्या पेटीत माणसं भाजून निघतील म्हणाला होता. त्याला तिनं हद्दीचं गणित समजावून गप्प बसवलं होतं. त्यानंतर टेकडीच्या त्या बाजूला ती फिरकलीच नाही. काम संपता संपत नाही असं स्वतःला सांगत राहिली, आणि ते खरंही होतं, म्हणून आणखीच सोयीचं होतं.

तपासणी झकास चालली होती. परीक्षकबाईंनी कुटीच्या जमिनीवर तळहात टेकवला, वारा लागताच डोळे मिटले, "वा!" म्हणाल्या. मालक धाकटीला सारखे हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते. अप्पा मात्र दीर्घ श्वासाच्या वर्गातून मधूनच सटकले. "श्वास घ्यायला वर्ग कशाला? मी जन्मभर फुकटात घेतोय," असं पुटपुटत ते जे गेले ते थेट चहाच्या वेळेलाच उगवले. सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा ओढलेला. धाकटीनं त्यांना आपल्या शेजारी बसवलं.

चहा ओसरीवर होता. परीक्षकबाई सहज म्हणाल्या, "मघाशी वरून मागच्या बाजूला काही कंटेनर दिसले. त्यांवर ओली पोती टाकलेली. ते काय आहे?"

"गोदाम," मालक म्हणाले. "सामानसुमान असतं."

"गोदाम कसलं?" अप्पा म्हणाले. "आत माणसांच्या पथाऱ्या आहेत. मी आत जाऊन आलो. हात लावला तर चटका बसतो. रात्री ती माणसं पंपाच्या खोलीच्या पायऱ्यांवर जाऊन निजतात."

मालकांनी धाकटीकडे पाहिलं. आता सगळं संपलं, प्रमाणपत्र गेलं, कामं गेली. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला त्याचं भय नव्हतं. भय होतं ते शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचं. यांना कळलं तर?

अप्पांनी कप खाली ठेवला. "माझ्या मुलीला यातलं काही माहीत नाही," ते परीक्षकबाईंना म्हणाले. "तिच्या नकळत झालंय हे. तिला ठाऊक असतं तर तिनं होऊच दिलं नसतं."

अप्पांचे कान लालबुंद झाले होते. घरी पत्ते खेळताना त्यांनी थाप मारली की ते असेच लाल होत, म्हणून त्यांच्याविरुद्ध डाव मांडायला सगळे एका पायावर तयार असत. पण आज ते उन्हातून आले होते. उन्हानं झाले असतील, असं धाकटीला वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा तिनं तसं मानून घेतलं.

मालकांना बुडत्याला हात मिळाल्यासारखं झालं. त्यांनी लगेच मुकादमाला हाक मारली. तो पायरीशीच उभा होता. "काय रे, विचारल्याशिवाय माणसं त्या पेट्यांत कोंबलीस? मॅडमना अंधारात ठेवून?"

मुकादमानं एकदा धाकटीकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. मग मान खाली घातली. "चूक झाली, शेठ."

"उद्यापासून येऊ नकोस."

एवढं झाल्यावर तरी तिनं तोंड उघडायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण अप्पा तिच्याकडे टक लावून बघत होते, आणि त्या नजरेपुढे 'हे मीच केलं' म्हणणं तिला जिवावर आलं. ती म्हणाली, "मी बघून घेते, अप्पा. तुम्ही त्रास करून घेऊ नका." आणि हातातला कप तोंडाला लावला.

परीक्षकबाईंनी समंजसपणे मान डोलावली. "आमचं काम रेघेच्या आतलं. तरी कानावर आलंय तर सुधारून घ्या." मग त्यांनी हसून हात पुढे केला आणि प्रमाणपत्र जाहीर केलं. टाळ्या पडल्या. ज्या कौतुकासाठी बापाला इतक्या लांब आणलं होतं ते झालं, आणि बाप टाळी न वाजवता ओसरीच्या खांबाकडे बघत बसला होता. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही ती सगळ्यांचे हात हातात घेत हसत होती, आणि आपण हसतोय याची तिला आणखीच लाज वाटत होती.

परत निघताना गाडी तीच चालवत होती. एरवी अप्पा शेजारी बसले की प्रत्येक वळणावर त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबायचा आणि तोंड अखंड चालायचं, "गिअर बदल, हॉर्न दे, तो बघ कडमडायला आला." आज उतार संपत आला तरी पाय जागचा हलला नव्हता.

"बरं वाटत नाहीये का?" तिनं विचारलं.

"त्या चादरीवाल्या बाईनं मला पाणी दिलं," अप्पा म्हणाले. "मी तिला मोठ्या ऐटीत म्हटलं, माझी मुलगीच इथली मोठी मॅडम आहे. तिच्या कानावर घालतो, ती उद्याच्या उद्या सगळं नीट करेल. तर ती गप्पच झाली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मॅडमनीच जागा दाखवली. झोपायलाच तर यायचं, म्हणाल्या."

धाकटीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"म्हणजे तुम्हाला आधीच... मग तिथे सगळ्यांसमोर असं का म्हणालात? की मला माहीत नव्हतं?"

"खोटं बोललो," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, आणि चढला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. "मला वाटलं, तू मला अडवशील. म्हाताऱ्या बापाला चारचौघांत खोटं बोलताना बघून तरी म्हणशील की अप्पा, थांबा, हे मी केलंय. त्या मुकादमाला घालवलं तेव्हा तर नक्कीच बोलशील म्हणून मी तुझ्या तोंडाकडे बघत बसलो. तू चहा प्यालीस."

तिला रडू येत होतं, पण रडायचाही आपल्याला हक्क नाही असं वाटून तिनं ते गिळलं. डोळ्यांसमोर मुकादमाची खाली घातलेली ती मान येत होती. समोरच्या काचेवर धूळ बसली होती, ती उगाच वायपर लावून पुसत राहिली. मग खाली बघूनच तिनं विचारलं, "मागे फिरूया का?"

अप्पांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"हेही मीच सांगायचं?"