गुणाबाईच्या दुधीचं बी

गुणाबाईच्या दुधीला नावं ठेवलेली तिला खपत नसत. मुदखेडजवळच्या त्या गावात चाळीस वर्षं तिच्याच वेलाचं बी घरोघर गेलेलं. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत गुणाबाई मूठभर बी घालायचीच. त्यामुळे शेजारचा गुलाम रसूल बांधावर येऊन म्हणाला, "मावशी, यंदाचं बी ठेवू नका," तेव्हा तिचं डोकंच फिरलं.

"का रं? माझ्या दुधीला काय रोग आलाय?"

"रोग न्हाई. पण मी एकतारीसाठी कडू भोपळा लावलाय न्हवं. दिवेलागणीला फुलं उमलली की राखाडी फुलपाखरं माझ्या नर फुलावरून उठून तुमच्या मादी फुलावर बसून राहिलीत. रोज बघतो मी."

"बसू दे की. आजच भाजी केली, गोड लागली."

"फळ गोडच लागंल, ते तुमच्या वेलाचं. आतलं बी मात्र दोघांचं. त्याचा वेल कडू निघाला तर कुणाच्या तरी जिवावर बेतंल."

"जा, तुझं काम बघ."

तरी त्या संध्याकाळी ती वेलाजवळ उभी राहिली. फुलपाखरं खरंच बांध ओलांडून येत होती. पण चाळीस वर्षांचं नाव होतं, ते एका शब्दावर सोडवेना. माघात नात वर्षाराणी बिलोलीला नांदायला गेली, तेव्हा तिच्या ओटीत तेच बी पडलं.

श्रावणात भरदुपारी फोन आला.

"आजी, तुझ्या वेलाला लई दुधी लागलेत! आज पयल्यांदा भाजी केली. कडू झाली जरा, पण सासूबाई म्हणल्या टाकू नको. मग गूळ आन् कूट घातलं."

"तू खाल्लीस?"

"मी कशी खाईन? घरातले जेवून राहिलेत. मी मागून."

"वर्षे, ताटं ओढून घे समद्यांची! जहर हाय ते!"

"मामंजींच्या पुढचं ताट कसं ओढू, आजी?" पोरीचा आवाज बारीक झाला. "त्यांना साखर हाय. कडू चांगलं म्हणून त्यांनी तर दोनदा घेतलं."

"ओढ म्हणते ना!"

मग पातेलं पालथं झाल्याचा दणका झाला, सासूबाई ओरडल्या आणि फोन बंद पडला.

गुणाबाई अनवाणीच बांधाकडं धावली. "रसूल, फोन लाव रं पोरींना! माघापासून जिच्या-तिच्या ओटीत तेच बी घातलंय म्या!"

रसूलनं खुरपं टाकून फोन काढला. "किती जणींच्या, मावशी?"

गुणाबाई नावं घेत एकेक बोट दुमडू लागली. एका हाताची बोटं संपली, तसा तिनं दुसरा हात वर केला.