नळीचं पाणी

लेकीच्या मांड्यांवर लाल पुरळ उठलं तेव्हा श्यामलाला वाटलं, हे पावसाचंच. श्रावण सरत आला तरी उन्हाची तिरीप म्हणून दिसली नव्हती. खाणीच्या वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत भिंतीला टेकलं तर पाठ ओली होई. दुपटी, लंगोट सगळं शेगडीवर टोपली उपडी घालून वाळवायचं, एकेक, उलटून पालटून. पाच महिन्यांच्या पोरीचे निम्मे दिवस त्या धुराच्या वासातच गेले. अक्का, म्हणजे श्यामलाची आई, शिवाजी पेठेतून पत्रात लिही की खोबरेल लाव, फार रडू देऊ नको. रडू कोण देतंय? चार दिवस नवरा तापानं अंथरुणावर, पोरीच्या हिरड्या शिवशिवतायत, आणि आपण शेवटचं सलग कधी झोपलो ते आठवायचंही श्यामलानं सोडून दिलं होतं.

तिचा नवरा अंबादास राधानगरीच्या वरच्या डोंगरात, बॉक्साइटच्या खाणीवर कारकून होता. खनिज धुतलं की लाल गाळ उरे, आणि तो गाळ एका मातीच्या बांधामागं साठवलेला असे. गाळ वाढेल तसा बांधही थरावर थर देऊन चढवत नेलेला. आता तो पाच पुरुष उंच झाला होता, आणि त्याच्या खाली, ओढ्याच्या काठानं, बावीस घरांची वाडी होती. बांधाच्या पायथ्याशी वाळू, खडी आणि दगडांचा गाळणा पुरला होता. त्यातून गाळून आलेलं पाणी एका लोखंडी नळीतून बाहेर पडे. अंबादासनं रोज सकाळी जाऊन ती नळी बघायची आणि वहीत लिहायचं: पाणी किती, स्वच्छ की गढूळ. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा तो तिला हौसेनं बांध दाखवायला घेऊन गेला होता. बांध पाझरतो म्हणून भ्यायचं नाही, तो पाझरायलाच हवा, असं त्यानं सांगितलं होतं. पाणी आपल्याबरोबर माती घेऊन यायला लागलं की मात्र बांध आतून पोखरला जातोय असं समजायचं. तिनं मान हलवली होती. तेव्हा तिचं लक्ष त्याच्या नव्या चपलांना लागलेल्या चिखलाकडं होतं.

नळीचं पाणी उन्हाळ्यातही आटत नसे, म्हणून वाडीतल्या बायका तिथंच धुणं धूत. श्यामलाही धुवी. या चार दिवसांत मात्र तिला घराबाहेर पडायला झालं नव्हतं. वाडीतली चिमणाबाई आपण होऊन बादली उचलून नेई आणि पिळून आणून देई. वर म्हणे, ‘‘ऱ्हाऊ द्या वैनी, तुमचं डोळं बघा कसं झाल्यात. घुबडावानी.’’

त्या दिवशी दुपारी पोरीला तेल लावताना श्यामलानं टोपलीवरचं दुपटं ओढलं. ते तिच्या हाताला खरखरलं. तिनं ते बोटांत चोळलं. पिठासारखी बारीक रेव निघाली, तांबूस. दुसरं चोळलं, तिसरं चोळलं. सगळी तशीच. म्हणजे ही रेव पोरीच्या मांड्यांवर चार दिवस घासत होती. तिला आधी चिमणाबाईचा राग आला, कुठल्या डबक्यात धुतलं म्हणून. मग आपलाच आला. रोज उलटून पालटून वाळवलं, पण एकदाही बोटांत चोळून बघितलं नाही.

पोरीला पाठीशी बांधून, वर घोंगडीची खोळ घेऊन ती बांधाकडं निघाली. पाऊस रिपरिप होता. पायथ्याशी चिमणाबाई धुणं आपटत बसली होती, पण नळीपाशी नाही. नळीपासून दहा-बारा पावलं डावीकडं, करवंदीच्या जाळीखाली.

‘‘इथं कशाला धुताय?’’

‘‘नळी बंद न्हाय का. ह्यो नवा झरा फुटलाय.’’ चिमणाबाईनं कौतुकानं बोट दाखवलं. झऱ्याशेजारच्या दगडाला हळदकुंकू लावलेलं होतं. ‘‘पाणी जरा लालसर येतंय, पर बसंल आता गाळ.’’

नळीकडं बघताच श्यामलाच्या लक्षात आलं. नळीचं तोंड चिकणमातीनं लिंपलेलं होतं, आणि त्याच्या भोवतीची सगळी ओली जागा शेणामातीनं सारवलेली. एखाद्या अंगणासारखी. बोटांच्या चंद्रकोरी पावसात अजून पुसट दिसत होत्या.

हे कधी झालं ते तिला ठाऊक होतं. मंगळवारी मुंबईचे मोठे साहेब तपासणीला येणार होते. बाळासो मुकादमानं आदल्या दिवशी वाडीतल्या बायका लावून पायथा सारवून घेतला होता, कारण ती ओल आणि ती गळकी नळी त्याला डोळ्यांना बरी दिसत नव्हती. अंबादास अंगात ताप घेऊन तिथं उभा होता, नळी बुजवू नका असं म्हणालाही होता. पण बाळासो म्हणाला, पावणं येणार म्हटल्यावर दार सारवत न्हाईत व्हय? एका दिसाचा तर प्रश्न, उद्या मोकळी करतो. साहेबांनी छत्रीखालून पाव तास बांध बघितला, काम नीटनेटकं आहे म्हणाले आणि गेले. बाळासो त्याच दुपारी हुपरीला बहिणीकडं गेला. अंबादास घरी येऊन पडला तो उठलाच नाही. नळी तशीच राहिली.

आणि वही. नळी मोकळी झालीच असेल असं धरून अंबादास तापात डोळे मिटून रोज सांगे, लिही, नळी स्वच्छ. इतके महिने रोज तेच लिहिलेलं, नवं काय असणार? पोर मांडीवर घेऊन श्यामलानं चार दिवस लिहिलं होतं. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ. स्वच्छ. तिचं अक्षर त्याच्यापेक्षा चांगलं होतं.

तिनं चिमणाबाईकडून तांब्या मागून घेतला, करवंदीखालच्या पाण्यानं भरला आणि तसाच घरी आणून अंबादासच्या खाटेशेजारी ठेवला. काय झालं ते सांगितलं. दोघंही तांब्यात बघत बसले. पाणी हळूहळू वरून निवळत गेलं आणि खाली बोटभर लाल गाळ बसला.

‘‘किती जोरात येतंय?’’ त्यानं विचारलं.

‘‘मनगटाएवढी धार असेल.’’

तो उठून बसला आणि भिंतीला धरून थांबला, त्याला घेरी आली. नियम त्याला पाठ होता. गढूळ पाणी दिसलं की टोल वाजवायचा आणि वाडी वरच्या शाळेत हलवायची. टोल म्हणजे ऑफिसपुढच्या जांभळीला टांगलेला रुळाचा तुकडा. गेल्या साली तो एकदा उगाच वाजला होता. वाडी भर पावसात पोराबाळांसकट शाळेत जाऊन बसली आणि संध्याकाळी हात हलवत परत आली. पुढं महिनाभर अंबादास दिसला की लोक विचारत, काय हो टोलवालं, आज कुठं जायाचं?

श्यामला बाळासोला बोलावून घेऊन आली. तो सकाळीच हुपरीहून परतला होता. तांब्या बघून त्याचा चेहरा उतरला, पण आवाज तोच राहिला. आधी नळी मोकळी करू म्हणाला, पाणी आपल्या वाटेनं लागलं की ते दुसरं आपोआप गप बसंल. वाडीला कशाला भ्या घालायचं?

‘‘आणि नाही बसलं तर?’’ श्यामला म्हणाली.

बाळासोनं उत्तर अंबादासला दिलं. ‘‘रावसाहेब, टोल वाजला की मुंबईला कळतंय. मग वही मागवत्यात. तुमची वही काय म्हणती?’’

अंबादासनं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात ताप होता, नोकरी होती, ही दोन खोल्यांची ओली जागा होती. तो म्हणाला, ‘‘श्यामल, थोडं थांबू. दोन तास बघू.’’

तिला त्याची कीव आली. तिलाही थांबायचंच होतं. दोन तास काय, कुणी तिथं भुईवर पड म्हणालं असतं तर ती पडली असती. पण पाठीवरची पोर किरकिरायला लागली होती, खोळ घासत होती तिच्या मांड्यांना. वाडीत चिमणाबाईच्या सुनेला बाळंत होऊन दहा दिवस झाले होते.

‘‘वही मी लिहिलीय,’’ ती म्हणाली. ‘‘मागवू देत.’’

आणि तिनं जाऊन टोल वाजवला. लोखंडाचा दांडा जड होता. पोर दचकून जी रडायला लागली ती टोल थांबेपर्यंत रडतच राहिली.

लोक शिव्या देत निघाले. एक म्हातारी गाय सोडून येईना. चिमणाबाई नातवाला टोपलीत घालून डोक्यावर घेऊन आली आणि जाता जाता म्हणाली, ‘‘आज खोटा निघाला ना वैनी, तर धुणं तुमचं तुम्ही धुवायचं.’’

खाणीवरचे पन्नास लोक त्या दुपारी बांधावर लागले. अंबादासला कांबळ्यात गुंडाळून पायथ्याशी खुर्चीवर बसवलं होतं, तो तिथून सांगत होता. नळीची माती काढली, तसं आत कोंडलेलं पाणी हात लांब उसळून आलं. वर बांधामागं गाळावर साचलेलं पाणी उतरवायला पंप लावले. नव्या झऱ्याचं तोंड बाळासो मातीनं दाबायला धावला, तेव्हा अंबादास ओरडला, दाबू नका, दाबलं की दुसरीकडं फुटेल. आधी वाळू, मग बारीक खडी, मग दगड. पाण्याला जाऊ द्या, माती तेवढी अडवा. अंधार पडेपर्यंत बाळासो गुडघाभर चिखलात उभा राहून वाळूच्या पाट्या रिचवत राहिला. करवंदीच्या वर बांधाला हातभर रुंद खळगा पडला होता, तो त्यानंच सगळ्यांना दाखवला.

बांध राहिला. आणखी एक दिवस गेला असता तर राहिला असता का, हे मुंबईहून आलेल्या इंजिनिअरनंही सांगितलं नाही. तो नुसता त्या खळग्यात हात घालून बराच वेळ बसला. वाडी नऊ दिवस शाळेत राहिली आणि नऊ दिवस कुरकुरली. चिमणाबाईनं धुणं नेणं काही सोडलं नाही, फक्त झऱ्याच्या दगडाला पुन्हा कुंकू लावलं नाही.

वही मागवली गेलीच. पाठवण्याआधी श्यामलानं ती उघडली. चार दिवसांचं ‘स्वच्छ’ खोडलं, वाचता येईल असं, एकेका रेघेनं. पुढं लिहिलं, ‘न पाहता लिहिले.’ खाली स्वतःची सही केली. अंबादासनं ती वाचली आणि तिच्या सहीशेजारी आपलीही केली. उत्तर यायचं होतं. बदली होईल, कदाचित त्याहून वाईट काही.

नवी वही आली त्या सकाळी पोर नुकतीच झोपली होती. मांड्यांवरचं पुरळ ओसरलं होतं. श्यामला तिच्याशेजारी कलंडणार, एवढ्यात आतून, अजून खाटेवरच असलेल्या अंबादासनं विचारलं, ‘‘नळीचं आज काय लिहिलंस?’’

‘‘अजून बघून आले नाही,’’ ती म्हणाली. तिनं पोरीवर दुपटं सारखं केलं. मग तांब्या घेतला, खोळ डोक्यावर ओढली आणि बांधाकडं निघाली.