दहा वेळा लिहिणे

आई गेल्यानंतर चौथ्या दिवशी तिची वाक्यं घरी परत आली. सकाळी, दूध आल्यावर आणि पेपर यायच्या आधी. मी दार उघडलं तेव्हा ती जिन्यात एकामागे एक उभी होती, आमच्या तिसऱ्या मजल्यापासून खाली फाटकापर्यंत. मी बाजूला झाले. ती आत आली आणि जिथे पूर्वी बोलली गेली होती तिथे जाऊन बसली. जी गावाकडे बोललेली होती त्यांना ठरलेली जागा नव्हती. ती बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने थांबली.

घडी घातलेल्या गोधडीएवढं एकेक वाक्य होतं, आणि तितकंच ऊबदार. वर हात ठेवला की आईचा आवाज यायचा. ओट्यापाशी होतं ते म्हणायचं, ‘पमे, जेवून घेजो वं.’ चपलांच्या मांडणीवरचं म्हणायचं, ‘एवढ्या उनात काहून चालली?’ दुपारपर्यंत मला घरात आडवं होऊन चालावं लागत होतं.

एकच वाक्य निराळं होतं. ते दाराच्या कडीला अडकून राहिलं होतं, पाकिटासारखं पातळ आणि गार. ‘मला बरं वाटतंय. तू जा.’ हे ती दवाखान्यात बोलली होती, शेवटचं. त्यावर मी पुन्हा हात ठेवला नाही.

पाचव्या दिवशी दर्यापूरहून बेबीमावशी आली. आईची धाकटी बहीण. तिने पिशवी ठेवायला जागा शोधली, मिळाली नाही, म्हणून ती मांडीवर घेऊन वाक्यांच्या मधोमध बसली.

“पंचफुला बोलायचीच लय,” ती म्हणाली. “बसू दे तिले.”

ती एकेकावर हात ठेवायची आणि उत्तर द्यायची. “हो बाई, जेवली मी.” “नाही वं, उन कुठं हाय आता.” मग दाराशी गेली, कडीला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

“हे कोनं म्हटलं?”

“आईनेच.”

“पाहुण्याशी बोलल्यावानी हाय हे. तुले म्हटलं?”

“हो. मला.”

मावशीने पदराने हात पुसला.

सहाव्या दिवशी मोघे आले. मृत्यूची नोंद व्हायच्या आधी घरातली वाक्यं तपासायला एक माणूस येतो. ते वयस्क होते, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी भिंतींची मापं घेतली.

“अशुद्ध आहेत,” ते म्हणाले. “अशुद्ध वाक्याला जागा जास्त लागते. भिंतींना सहन होत नाही. त्या रोज वीतभर आत येतील. तेराव्यापर्यंत दुरुस्त करा, नाहीतर आम्ही काढतो.”

“काढून कुठे नेता?”

“कुठे नाही. फक्त काढतो.” त्यांनी कागद पाहिला. “आपण प्रकाशनात मुद्रितं तपासता ना? तीस वर्षं? मग काहीच त्रास नाही. हात बसलेला आहे.”

त्यांनी मला लाल पेन्सिल दिली.

चपलांच्या मांडणीवरचं वाक्य मी मांडीवर घेतलं आणि दुरुस्त केलं. इतक्या उन्हात का चाललीस? पेन्सिल उचलल्याबरोबर ते पोस्टकार्डाइतकं पातळ झालं. जागा झाली. मी त्यावर हात ठेवला. आवाज माझा होता. छापखान्यातल्या माणसाला चुका दाखवताना मी ज्या आवाजात बोलते, तो.

मावशीने कार्ड माझ्या हातातून घेतलं.

“हे चुकलं.”

“काय चुकलं?”

“मले काय मालूम काय चुकलं. माही बहीन असं कई बोलली? चुकलं म्हंजे चुकलं.”

“तुला कसं कळतं?” मी विचारलं.

“तुले मीठ कमी पडलं थे कसं कळते?”

मोघ्यांनी मान डोलावली. “बरोबर आहे त्यांचं. आमच्याकडेही असंच असतं. नियम नंतर लिहितात. आधी कान.”

मी ते खोडरबराने पुसलं, पण वाक्य परत फुगलं नाही. पांढरं कार्ड तेवढं राहिलं.

मी लाल पेन्सिल त्यांना परत द्यायला गेले. मोघे चहा पीत होते. त्यांनी ती घेतली नाही. “एक सवलत आहे,” ते म्हणाले. “घरात तसं बोलणारं माणूस राहत असेल तर वाक्यं अशुद्ध धरत नाहीत. मग ती त्या माणसाची. भिंती थांबतात.”

मी मावशीकडे पाहिलं.

“माह्याकडं नको पाहू,” ती म्हणाली. “दोन म्हशी हायेत माह्या. तेरवी झाली की मी चालली. तू बोल. तुही माय होती नं थे?”

मी ओट्यापाशी गेले. वाक्य मला पाठ होतं. मी म्हटलं, “पमे, जेवून घेजो वं.”

मोघ्यांनी डोळे मिटून ऐकलं. “खटकलं.”

“कुठे? सगळं तेच आहे.”

“सगळं तेच आहे. खटकलं.”

मावशीला हसू आलं, मग तिने तोंडावर पदर धरला. “नाटकातल्या बाईवानी बोलून रायली तू, पमे. गावंढळ बाईचं सोंग घेतल्यावानी.”

मी पुन्हा म्हटलं. दिवसभर म्हटलं. त्या दिवशी भिंती दोन विती आत आल्या.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या शाळेत नवीन बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, घरी बोलता तसं इथे बोलायचं नाही. मी त्यापुढे गेले. इथे बोलते तसं मी घरी बोलायला लागले. मग आईची शाळा घेऊ लागले. ती चुलीशी भाकरी थापायची, पाठमोरी. मी मागे पाटावर बसून तिचं बोलणं वहीत उतरवायचे आणि तपासायचे. बरोबरची खूण एका रेघेची असते. फुली दोन रेघांची, मध्ये पेन्सिल उचलावी लागते. आईला पाठमोरीच आवाजावरून कळायचं. पेन्सिल दुसऱ्यांदा टेकली की ती म्हणायची, “चुकलं काय वं, बाई?” शाळेत चुकलं की समासात लिहून यायचं, ‘दहा वेळा लिहिणे’. मीही आईच्या चुकीपुढे तसंच लिहायचे. भाकऱ्या झाल्या की आई हात धुऊन दहा वेळा लिहायची. चौथी शिकलेली होती. लिहून झालं की चूल फुंकता फुंकता वही खांद्यावरून मागे धरायची, न वळता, आणि थांबायची.

पुण्याला माझ्याकडे आल्यावर चार माणसांत ती चारच वाक्यं बोलायची. या. बसा. चहा घ्या. बरं आहे. माझ्या मैत्रिणींना वाटायचं, आई अबोल आहे. मीही तसंच सांगायचे.

दहाव्या दिवशी तिच्या पेटीत ती वही सापडली. शेवटच्या पानांवरची शाई नवी होती. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यातली असावी. ‘मला बरं वाटतंय. तू जा.’ दहा वेळा, एकाखाली एक. सहाव्या ओळीत काना सुटला होता, तो तिने वरून भरला होता.

मी वही मावशीला दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. तिने ओळींवरून बोट फिरवलं.

“काय लिहिलं?”

मी वाचून दाखवलं. मावशी दाराकडे बघत राहिली.

“तुह्यासाठी पाठ केलं तिनं,” ती म्हणाली. “तुले वाईट वाटू नये म्हनून.”

तेराव्या दिवशी जेवणं जिन्यात झाली, आत जागा नव्हती. मावशी दुपारच्या गाडीने निघाली. निघताना तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, “येजो वं गावाकडं.” मी म्हटलं, “येईन.” ती जिना उतरून गेली, आणि तिने म्हटलेलं तेवढं एक वाक्य खाली फाटकाशी थांबून राहिलेलं मला दिसलं.

मोघे सर्वांत वरच्या पायरीवर बसले. मी स्वयंपाकघरात होते. एका बाजूची भिंत माझ्या खांद्याला लागत होती, दुसऱ्या बाजूला ओटा. वाक्यं छतापर्यंत रचलेली होती आणि त्यांची ऊब मानेला जाणवत होती.

“पाचला नोंद बंद करतो,” मोघे बाहेरून म्हणाले.

“लिहून चालेल का?”

“चालेल. एक जरी बरोबर आलं तरी बाकीची सगळी तुमची.”

“तपासणार कोण? तुम्ही?”

“मी कसा? भाषा त्यांची. त्या तपासतील.”

“ती नाही आता.”

“हो,” मोघे म्हणाले.

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. वळायला जागाच नव्हती. आईच्या वहीचं पुढचं कोरं पान उघडलं आणि लिहायला लागले. पमे, जेवून घेजो वं. पहिल्या तीन ओळी माझ्या अक्षरात आल्या, छापल्यासारख्या. चौथ्या ओळीपासून मी काय लिहिते आहे ते वाचणं सोडून दिलं. सातव्या ओळीला ओठ हलायला लागले. नववीला भूक लागली. तेरा दिवसांत पहिल्यांदाच.

दहावी ओळ झाली. मी लाल पेन्सिल वहीत घातली आणि न वळता वही खांद्यावरून मागे धरली.

बराच वेळ काही झालं नाही. मग कोणीतरी वही घेतली. घेणाऱ्या बोटांना ज्वारीचं ओलं पीठ होतं, थोडं माझ्या मनगटाला लागलं. पानं उलटली गेली. पेन्सिल कागदावर टेकली.

एक रेघ ओढल्याचा आवाज आला. पेन्सिल उचलली गेली. ती दुसऱ्यांदा टेकते का, तिकडे मी कान लावला.