खिडकीजवळचा पेशंट

"दाराजवळचे आजोबा सकाळपासून शिव्या देतायत," थोरल्या सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे बरे होतायत. जखम कोरडी आहे. संध्याकाळी धरून चालव, पण धरलंय असं त्यांना वाटू देऊ नकोस."

धाकट्या सिस्टरने मान हलवली. सकाळची पाळी संपली की थोरल्या तिला वॉर्डातला एकेक पेशंट असा सोपवत. धाकटीही आता चाळिशीला टेकली होती, पण थोरल्यांच्या हाताखाली शिकली म्हणून सगळ्यांच्या तोंडी तिचं नाव धाकटीच राहिलं होतं.

आज खिडकीजवळच्या खाटेपासून सुरुवात करावी, असं तिच्या मनात होतं. थोरल्यांनी क्रम मोडला नाही. प्रत्येक खाटेशी थांबत, कुणाला दुखतंय, कुणाला नुसतीच भीती वाटतेय ते सांगत त्या शेवटी तिथे पोचल्या.

त्या खाटेवर त्यांचे यजमान होते. जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त केलेला माणूस. आता फुप्फुसांनी हात टेकले होते. मेट्रनने थोरल्यांना रजा घ्यायला सांगून पाहिलं होतं. "घरी बसून भिंतींशी बोलू का?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

"पेशंटचा दम वाढलाय," थोरल्या त्याच आवाजात सांगू लागल्या. "उशाकडची बाजू उंच राहू दे. डाव्या कुशीवर बरं वाटतं. पाठ लाल झालीय, कूस बदलत राहा. मशीनवर घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी काल ठरवलं. त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच बघायचं."

"नातेवाइकांना कल्पना दिलीय?"

रोजचा प्रश्न, सवयीने तोंडातून गेला. धाकटीने जीभ चावली.

थोरल्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "दिलीय," त्या म्हणाल्या. "समजलंय त्यांना."

"नातेवाईक जरा कडक आहेत," मास्कच्या आतून यजमान पुटपुटले. "सांभाळून घ्या, सिस्टर."

धाकटीला हसू आलं आणि डोळेही भरले. थोरल्यांनी पेशंटला जास्त न बोलण्याची ताकीद दिली.

"घेतला मी ताबा," धाकटी म्हणाली. "तुम्ही सुटलात, ताई."

थोरल्या गणवेश बदलून परत आल्या, तेव्हा घरच्या साडीतल्या त्यांना आजोबांनी ओळखलंच नाही. ही भेटायची वेळ नाही, म्हणून हटकलं. "थोडाच वेळ बसते, आजोबा," म्हणत त्यांनी खिडकीशी स्टूल ओढलं आणि यजमानांचा हात हातात घेतला.

"दमलीस ना?" यजमानांनी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं.

धाकटी पलीकडे सलाईन बदलत होती. मागून हाक आली, "सिस्टर."

ती वळली. थोरल्यांनी तिला आजवर 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती.

"यांचे ओठ सुकलेत हो. थोडं पाणी देऊ का?"

पेशंटला पाणी कसं पाजायचं, हे तिला याच बाईंनी शिकवलं होतं. मग ती खाटेजवळ आली.

"द्या ना. मास्क मी धरते. चमच्याने द्या, अगदी थोडं थोडं. घोट गिळला की मगच पुढचा."

"बरं," थोरल्या म्हणाल्या, आणि ती सांगत होती तसा चमचा त्यांनी हलकेच ओठांना लावला.