सोहगाचा दगड

बनास नदी उतरताना गाडी कलंडली आणि डाव्या चवरीधाऱ्याची संगमरवरी मूर्ती मानेपासून तुटली, हे गाडीवानाने आरासणच्या खाणीवर येऊन सांगितले. देल्हणने छिन्नी खाली ठेवली. जोडीतला उजवा वाचला होता. त्याला देल्हणच्या बायकोने, सोहगाने, घासून झिलई दिली होती. ते तिचे शेवटचे काम. मग ताप आला आणि ती गेली.

चंद्रावतीच्या शेठचा निरोपही गाडीवानानेच सांगितला. मंदिराच्या प्रतिष्ठेपर्यंत डावा आला नाही, तर दुसऱ्या कारखान्याची तयार जोडी बसवणार आणि उजवा परत पाठवणार. त्यांचेही बरोबर होते. जिनेश्वराच्या एका बाजूला चवरी ढाळणारा आणि दुसरी बाजू मोकळी, असे कोण ठेवील?

संगमरवर मिळाला असता, पण जोडीला एकाच शिळेचा लागतो. दुसऱ्या थरातला दगड आज सारखा दिसतो आणि दिव्यांच्या धुराने पुढे वेगळाच पिवळा पडतो. त्या शिळेचा एकच तुकडा उरला होता. सोहगा त्यावर मूर्ती आडवी ठेवून घासायची. तिची ओढणी अजून त्यावर होती.

देल्हणने ओढणी उचलली आणि घडी केली.

शेजारच्या पालातल्या लूणाने लगेच टोकले. "वापरलेला दगड देवाजवळ नेतोस? उद्या जातं आणशील."

सूत्रधार, म्हणजे सगळ्या शिल्प्यांचे मुख्य, आसधर म्हातारे होते, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी दगडावर हातोडी हलकेच ठोकून नाद ऐकला. घंटेसारखा स्वच्छ होता.

"यावर तिनं दुसरं काय केलं?"

"काही नाही, काका. एकदा मी ताकाचा लोटा ठेवला होता, तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

आसधर हसले. "मग हा आधीपासून देवाच्याच कामाला आहे. आणि पूजा भगवंताची व्हायची, चवरीधाऱ्याची नाही. तो नोकर माणूस. चालव छिन्नी."

पहिला घाव घालायला देल्हणला फार वेळ लागला. नंतर हात थांबला नाही. कमरेचा बाक, वर उचललेला हात, खांद्यावर सांडलेले चवरीचे केस, सगळे उजव्याला पाहून उलटे उतरत गेले. घासायला त्याला येत नव्हते. बोटे सोलली, तरी तोंड आणि छाती त्याने चकचकीत केली. भाकरी लूणाच्या घरून येऊ लागली, पण आपण पाठवतो हे लूणा कबूल करीना.

प्रतिष्ठेच्या सकाळी चंद्रावतीच्या मंदिरात दोन्ही चवरीधारी जिनेश्वराच्या दोन्ही अंगांना उभे राहिले. पडदा सरला, शंख वाजले, सभामंडपातली गर्दी पुढे सरकली. शेठने एकाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे, आणि विचारले, यांतला मोडलेल्याच्या जागी नवा केलेला कोणता? लूणा मागून मोठ्याने म्हणाला, "शेठजी, तुम्हीच ओळखा." सगळा मंडप हसला. देल्हणही हसला, किती तरी महिन्यांनी.

सोहगा मूर्तीची पाठसुद्धा घासायची. कोणाला दिसणार, असे देल्हण म्हणे, तर ती म्हणायची, "भिंतीला दिसतं की."

भिंत आणि मूर्ती यांच्यात देल्हणचा हात जाईल एवढी फट आहे. डाव्याची पाठ घासायची राहिली आहे.