बिबट्याच्या भीतीचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. पिंपरी पेंढारच्या शिवारात उसाला लागून एक घर आहे, त्याच्या दारावर माझा मुक्काम. अंगानं पितळी, वजनानं भारी आणि खरं सांगायचं तर थोडा गर्विष्ठ.

अमृतने मला नारायणगावच्या दुकानातून घेतलं तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, चांगलं दणकट द्या. आमच्याकडं बिबट्याचं लई झालंय." माझी छाती फुगली. माझ्या भाईबंदांनी आजवर चोर अडवले, मी तर वाघ अडवणार होतो!

अमृत चाकणला कंपनीत. अंधारात जाणार, अंधारात येणार. त्याची बायको वृषाली दिवसभर कांद्याच्या रानात. घरी उरायची अमृतची आई, साळुबाई. वय ऐंशीच्या पुढं, आणि सगळ्याचा विसर पडलेला. दहा वर्षांपूर्वी विकलेल्या म्हशीला पाणी पाजायला ती बादली घेऊन उसात शिरायची. म्हणून वृषाली सकाळी तिच्या उशाशी भाकरी अन् पाण्याचा तांब्या ठेवायची, "आत्या, भाईर बिबट्या हाय बरं का," असं सासूला बजावायची आणि मला लावून जायची.

मी इमानेइतबारे राखण केली. आतून दार वाजायचं. "अगं, उघड की! मला भाईर जायचंय." कधी तांब्या सांडल्याचा आवाज यायचा, मग नुसतं कण्हणं. मला वाटे, म्हातारीला काय कळतंय, मी तिचा जीव वाचवतोय.

गेल्या महिन्यात वनखात्यानं बांधावर लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. बघायला सगळं गाव लोटलं. वनखात्याची गाडी पिंजरा घेऊन आमच्या दारावरून निघाली, तेव्हा साळुबाई खिडकीचे गज धरून आत उभी होती. वृषाली बाहेर, खिडकीपाशी.

"कुठं न्हेत्यात गं त्याला?"

"माणिकडोहला, आत्या. तितं धरल्यालं बिबटं ठिवत्यात, डॉक्टर असतोय. येळच्या येळी खायला घालत्यात. बघायला माणसं असत्यात."

म्हातारीनं गज हलवून पाहिले. "मंग बिबट्या गेला. आता काढा मला भाईर." आणि मग हळूच म्हणाली, "न्हाई काढत, तर मलाबी तितं न्हेऊन घाला. बघायला माणसं असत्यात ना?"

मी पुरता हबकलो. इतके दिवस मी कुणाला अडवत होतो? बिबट्या एकदाही दारापर्यंत आला नव्हता. दार वाजवत होती ती साळुबाई!

आता आपण खुंटीला लटकून काळे पडणार, असं मला वाटलं. पण दुसऱ्या सकाळी वृषालीने मला पुन्हा हातात घेतलं. कांदा काढणीला आलेला, अमृतला रजा नाही, आणि म्हातारीपाशी बसायला कुणी मिळतंय का म्हणून गावभर विचारून तिचं तोंड दुखलं होतं.

"आत्या, भाईर बिबट्या हाय," ती म्हणाली.

आतून आवाज आला, "त्यो तर काल न्हेला न्हवं?"

वृषालीनं मला लावलं आणि डोळे पुसत रानाकडं गेली.

आजही मी लागलेलाच आहे. त्या पोरीला बोल लावू नका. ती तरी कुठं कुठं पुरणार? पण मी पडलो कुलूप. मला हाकेला ओ देता येत नाही, सांडलेला तांब्या भरता येत नाही. दुपारच्या वेळी या वाटेनं जाणार असाल, तर खिडकीशी जरा थांबा आणि तिला हाक मारा. ती जागीच असते.